धातूंचे सल्फाइड भाजणं आणि त्याचं समीकरण जुळवणं

धातूचं सल्फाइड हवेत भरपूर तापवलं की त्यातला गंधक ऑक्सिजनशी जुळून सल्फर डायऑक्साइड होऊन उडून जातो आणि मागे बहुतेक वेळा धातूचं ऑक्साइड उरतं, याला मराठीत भाजणं म्हणतात. इंदूरच्या मराठी घरातल्या पोरांच्या हिंदी पुस्तकात मात्र हे 'भर्जन' असतं आणि धातुकाला, म्हणजे धातू काढायच्या खनिजाला, 'अयस्क', त्यामुळे आजोबा शिकवायला बसले की आधी शब्दांवरच पाच मिनिटं जातात.

सगळ्यात ओळखीचं उदाहरण जस्ताचं, म्हणजे झिंकचं (समीकरणात डावीकडचा ऑक्सिजन दोन अणूंच्या जोडीनं मोजलाय):

२ झिंक सल्फाइड + ३ ऑक्सिजन → २ झिंक ऑक्साइड + २ सल्फर डायऑक्साइड

राजस्थानात चित्तोडगडजवळ चंदेरियाला जस्ताचा मोठा कारखाना आहे, अशा ठिकाणी हा गॅस हवेत न सोडता त्याचं सल्फ्युरिक ॲसिड करतात. साधारण ९७ ग्रॅम झिंक सल्फाइडमागे ६४ ग्रॅम गॅस निघतो, म्हणजे थोडाथोडका नाही, आणि हा हिशोब जुळवलेल्या, म्हणजे दोन्हीकडे प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखे असलेल्या समीकरणातूनच येतो.

पोरं अडकतात ती ऑक्सिजनपाशी. इंदूरच्या भंवरकुवा भागातल्या कोचिंगला जाणारा आमच्या शेजारचा मुलगा ऑक्सिजन कमी पडला की झिंक ऑक्साइडमधल्या ऑक्सिजनखाली गुपचूप छोटा २ लिहायचा, आकडे जुळायचे खरे पण पदार्थच बदलला ना! खालचा आकडा हलवायचा नाही, पुढचाच बदलायचा. माझ्या मते आधी धातू, मग गंधक आणि ऑक्सिजन सगळ्यात शेवटी घ्यावा, कारण डावीकडे तो एकटाच असतो, त्याच्यापुढे काहीही लावलं तरी बाकीचं बिघडत नाही.

खरी परीक्षा पायराइटची, म्हणजे ते सोन्यासारखं चमकणारं खोटं सोनं. त्यात १ लोखंडाला २ गंधक, आणि उजवीकडच्या फेरिक ऑक्साइडमध्ये २ लोखंड, ३ ऑक्सिजन. म्हणून २ पायराइट घेतले, गंधक ४ झाले म्हणून ४ सल्फर डायऑक्साइड, आता उजवीकडे ऑक्सिजन मोजा, ३ आणि ८ मिळून ११, पण तो डावीकडे जोडीनं येतो म्हणजे साडेपाच. इथे घाबरून खोडायचं नाही, सगळं दुप्पट करायचं:

४ पायराइट + ११ ऑक्सिजन → २ फेरिक ऑक्साइड + ८ सल्फर डायऑक्साइड

दोन्हीकडे ऑक्सिजनचे अणू २२.

शिसं जस्तासारखंच, २-३-२-२. हिंगुळाचं, म्हणजे पाऱ्याच्या सल्फाइडचं, वेगळं, पाऱ्याचं ऑक्साइड एवढ्या उष्णतेत टिकतच नाही म्हणून थेट पाराच मिळतो, १ हिंगूळ, १ ऑक्सिजन, १ पारा, १ सल्फर डायऑक्साइड, आणि जुळवायला काहीच नाही म्हणून पोरं उगाच पुढे २ लावून येतात.