पेशव्यांचा कागद टिकला, दिवाळी अंकाचा का मोडतो?

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तरातला एखादा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडला, की आतली मोडी अक्षरं अजून काळीभोर दिसतात. कागद हातात घेतला तर कापडासारखा लवतो. आता एखाद्या ग्रंथालयात जाऊन १९५०च्या आसपासचा दिवाळी अंक उघडा. पान तपकिरी झालेलं असतं. कोपरा एकदा दुमडला की तुकडा हातातच येतो. दोनशे वर्षांहून जुना कागद धडधाकट आणि सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा मोडकळीला, हे पाहून जीव हळहळतो.

कारण कागदाच्या घडणीत आहे. जुना कागद हाती बनायचा. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचं तर नावच या धंद्यावरून पडलं. चिंध्या, ताग, जुने दोर चुन्याच्या पाण्यात कुजवून लगदा करायचे. त्यातले सेल्युलोजचे, म्हणजे वनस्पतींचे तंतू ज्याचे बनतात त्या द्रव्याचे, धागे लांब असत आणि मागे उरलेला चुना आम्लाला मारत राही. शाई काजळीची, म्हणजे निव्वळ कार्बन. ती उडत नाही, कागदालाही खात नाही.

एकोणिसाव्या शतकात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला ताठपणा देणारं द्रव्य, राहतं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं. खरा घात मात्र तुरटीचा. शाई फुटू नये म्हणून राळेबरोबर ही तुरटी, म्हणजे ॲल्युमिनियम सल्फेट, घालत. दमट हवेत त्यातून आम्ल सुटतं आणि सेल्युलोजच्या साखळ्या तोडतं. त्या तुटताना आणखी आम्ल तयार होतं, म्हणजे नासाडीचा वेग वाढतच जातो. जुन्या पुस्तकांना येणाऱ्या गोडसर वासात लिग्निनपासून सुटलेलं, व्हॅनिलाच्या वासाचं व्हॅनिलिन असतं. आपल्याला आवडणारा तो वास कागद झिजल्याची खूण आहे!

आम्ल मारता येतं. कॅल्शियमच्या सौम्य द्रावणातून पान काढलं की झीज मंदावते, पण तुटलेल्या साखळ्या पुन्हा जुळत नाहीत. फाटलेल्या जागी पातळ जपानी कागद गव्हाच्या खळीने लावतात. कृपा करून चिकटपट्टी लावू नका, तिच्या गोंदाचा डाग कायमचा बसतो.

ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३चं, मुंबईचं १८९८चं. अशा जुन्या ग्रंथालयांत साठलेली नियतकालिकं मला दफ्तराइतकीच मोलाची वाटतात. अनेक अंकांची दुसरी प्रत कुठेच नसते. म्हणून त्यांचं स्कॅनिंग आधी व्हायला हवं. तेही अंक काचेवर सपाट दाबून नव्हे, तर अर्धवट उघडून, दोन्ही बाजूंनी आधार देऊन, वरून फोटो घेत. पान आधी तुटतं ते शिवणीपाशीच.