तुरुंगातल्या बंद्यांवर संशोधन: नैतिकता समितीकडे अर्ज कसा करावा

पीएचडी किंवा एमडीच्या प्रबंधासाठी तुरुंगातल्या माणसांच्या आरोग्याचा अभ्यास करायचा असेल, तर आपल्या संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते आणि कारागृह विभागाची परवानगीही लागते. दोन्ही हातात असल्या तरी समोरचा बंदी ‘नको’ म्हणाला की विषय तिथेच संपतो. बहुतेक अर्ज याच बाबतीत कच्चे असतात.

या सावधगिरीमागे इतिहास आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ या काळात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एका त्वचारोगतज्ज्ञाने कैद्यांच्या अंगावर सौंदर्यप्रसाधनांपासून डायऑक्सिन या विषारी रसायनापर्यंत कितीतरी पदार्थ तपासले. कैद्यांनी सह्या केल्या होत्या, पैसेही घेतले होते. पण कमाईचं दुसरं साधनच नसलेल्या माणसाच्या सहीला संमती कसं म्हणायचं?

आपल्याकडे आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात. समितीत ७ ते १५ सदस्य असतात. अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो आणि कायद्याचा जाणकार व एक सामान्य नागरिकही लागतो. नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायलबद्दलच्या २०१९ च्या नियमांनुसार अशा समितीची नोंदणी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे व्हावी लागते. औषधाची क्लिनिकल ट्रायल असेल तर ती नोंदणी सीडीएससीओ या केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेकडे होते. अर्जाआधी ही नोंदणी चालू आहे ना, हे सदस्य सचिवांना विचारून घ्या.

अर्जदार संस्थेशी संलग्न हवा. विद्यार्थ्याचा अर्ज मार्गदर्शकाच्या सहीने जातो. कॉलेजात समिती नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या समितीशी करार करून तिच्याकडे जाता येतं.

सोबत संशोधन आराखडा, प्रश्नावली, मराठीसह बंद्यांना समजणाऱ्या भाषांतलं माहितीपत्रक व संमतीपत्र, संशोधकांचे बायोडेटा, खर्चाचा तपशील आणि हितसंबंधांचं निवेदन जोडा. आयसीएमआरचे सामायिक फॉर्म बऱ्याच समित्या वापरतात. बंदी हा असुरक्षित, म्हणजे सहज दबावाखाली येऊ शकणारा गट मानला जातो, त्यामुळे प्रस्ताव पूर्ण समितीच्या बैठकीत जाईल असं धरूनच वेळापत्रक आखा.

संमतीपत्रावर मात्र मनापासून वेळ द्या. त्यात एक वाक्य ठळक हवं: ‘तुम्ही भाग घेतला किंवा नाही घेतला, तरी तुमची शिक्षेतली माफी, संचित रजा (फर्लो), अभिवचन रजा (पॅरोल), जामीन किंवा तुरुंगातली वागणूक यावर काहीही परिणाम होणार नाही.’ हे वाक्य वाचून दाखवताना जवळ शिपाई उभा असेल तर त्याला अर्थ उरत नाही. म्हणून मुलाखत कुठे होईल, ऐकू न येण्याइतक्या अंतरावर कोण थांबेल, हे आराखड्यातच लिहा. लिहिता-वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदार लागतो, तो तुरुंगाचा कर्मचारी नसावा. बंदी निवडायचे कसे, हेही तुम्हीच ठरवा. प्रशासनाने ‘चांगले’ वीस जण आणून बसवले तर अभ्यासही बिघडतो आणि त्या वीस जणांना नकार देणंही जड जातं.

न्यायाधीन बंद्यांना चालू खटल्याबद्दल विचारू नका. वकिलाला मिळतं तसं गोपनीयतेचं कायदेशीर संरक्षण संशोधकाला नाही. न्यायालय तुमच्या नोंदी मागवू शकतं. सही केलेलं संमतीपत्रही ओळख उघड करतं. त्यातून धोका संभवत असेल तर लेखी संमतीतून सूट मागता येते, कारण मात्र पटवून द्यावं लागतं.

कारागृह विभागाकडचा अर्ज मार्गदर्शकाच्या व संस्थेच्या पत्रासह पुण्यातल्या कारागृह मुख्यालयाकडे पाठवा. २०१५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने काढलेल्या सूचनांनुसार बाहेरच्या व्यक्तींना संशोधनासाठी सहसा प्रवेश नसतो. कारागृह सुधारणा किंवा समाजहिताचा हेतू असेल तर राज्य परवानगी देऊ शकतं. म्हणून तो हेतू पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट मांडा.

काम सुरू केल्यानंतर मागाहून मंजुरी मिळत नाही. प्रश्नावलीत एक प्रश्न बदलायचा असला तरी तो विचारण्याआधी समितीची मंजुरी घ्यावी लागते आणि अभ्यास लांबला तर दरवर्षी प्रगती अहवाल द्यावा लागतो.