मुख्याध्यापिकेची खुर्ची आणि सेवाज्येष्ठतेचा हिशेब

भिडेवाड्यातल्या १८४८ च्या शाळेपासून शिक्षिकेची गोष्ट आपण सगळे सांगत आलो. शाळा चालवणाऱ्या बाईची गोष्ट त्या मानाने फार कमी सांगितली गेली. दीर्घकाळ मुख्याध्यापिका दिसायच्या त्या बहुतेक कन्याशाळांत.

ज्येष्ठतेच्या हिशेबात ही खुर्ची हुकते, या शिक्षिकांच्या आजच्या तक्रारी समजून घ्यायच्या तर महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीपाशी थांबावं लागतं. मूळ कायदा १९७७ चा. मुख्याध्यापकपद सर्वांत ज्येष्ठ, पात्र आणि समाधानकारक सेवा असलेल्या शिक्षकाला द्यायचं, असं या नियमावलीने ठरवलं आणि संस्थाचालकांच्या मर्जीला लगाम बसला. हा मोठाच बदल होता. अनेक शिक्षिकांना त्यामुळेच खुर्ची मिळाली. मुलींच्या माध्यमिक शाळेत तर पुरुष सहकाऱ्यांची ज्येष्ठता बाजूला ठेवून ज्येष्ठतम पात्र शिक्षिकेला नेमण्याची तरतूद आहे. मुलामुलींच्या एकत्र शाळेत तशी सवलत नाही.

खरा गुंता ‘ज्येष्ठ’ या शब्दातच आहे. नुसती नोकरीची वर्षं मोजून ज्येष्ठता ठरत नाही. नियमावलीच्या अनुसूची ‘फ’ मध्ये, म्हणजे ज्येष्ठता ठरवण्याच्या परिशिष्टात, शिक्षकांचे पात्रतेनुसार प्रवर्ग आहेत आणि ‘क’ या प्रशिक्षित पदवीधरांच्या प्रवर्गात प्रवेश कधी झाला, यावर माध्यमिक शाळेतली बढती अडते. डी.एड. ही अध्यापनाची पदविका करून लागलेली शिक्षिका त्या प्रवर्गात येते ती साधारणपणे पदवी आणि बी.एड. दोन्ही पूर्ण झाल्यावर. घरी लहान मुलं असताना बी.एड. चार-पाच वर्षं लांबलं, तर नंतर लागलेला बी.एड.धारक सहकारी तिच्या पुढे जातो. वीस वर्षं शिकवूनही यादीत खाली राहिलेल्या बाईंना ‘नियम सगळ्यांना सारखाच’ असं सांगितलं जातं. नियम सारखा आहे हे खरं, पण बी.एड. पुढे ढकलण्याची वेळ कुणावर येते, हे कुठल्याही शिक्षक-खोलीत बसलेल्या माणसाला ठाऊक आहे. अशी कित्येक प्रकरणं न्यायालयापर्यंत गेली.

जिल्हा परिषदेच्या शाळांत अडचण वेगळ्या वाटेने येते. तिथली ज्येष्ठतायादी जिल्ह्याची असते. लग्नानंतर नवऱ्याच्या गावाजवळ यायचं म्हणून आंतरजिल्हा बदली मागितली, की पगार आणि सेवा टिकते, पण नव्या जिल्ह्यात नाव यादीच्या तळाशी जातं. शिक्षक याला ‘ज्येष्ठता शून्य झाली’ म्हणतात. पुढे बढतीची वेळ आलीच, तर नेमणूक तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, आणि मग नकाराचं लेखी पत्र. ती पत्रं वाचून ‘बायकांनाच नको असतं’ असा निष्कर्ष काढणारे अधिकारी चूक करतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने दोन गोष्टी बदलल्या. पहिली ते पाचवीच्या शाळेत दीडशेहून जास्त मुलं असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक, असा निकष आला. त्यामुळे वाडीवस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळांत पदाशिवाय कार्यभार सांभाळणाऱ्या प्रभारी बाई आल्या: पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि वर्गही त्यांच्याकडेच. दुसरी गोष्ट, शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा स्त्रियांना मिळाल्या. मात्र २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित खाजगी शाळांत या समितीचं काम सल्ल्यापुरतंच उरलं.