नैराश्य : गावपातळीवरील समुपदेशन

नैराश्याच्या रुग्णाला मानसोपचारतज्ज्ञाऐवजी, त्याच भागातल्या, खास प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य व्यक्तीने घरी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात पद्धतशीर आधार देण्याची ही रीत आहे. भारतात तिची सर्वांत काटेकोर तपासणी गोव्यात झाली.

बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015–16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या दर 100 रुग्णांपैकी सुमारे 85 जणांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे आढळले. (सर्वेक्षणातल्या 12 राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा नव्हते.) माणसे दवाखान्यात जातच नाहीत असे मात्र नाही. ती जातात, पण सांगतात ते झोप लागत नाही, अंग दुखते, थकवा जात नाही, डोक्यात सारखे विचार येतात, फार टेन्शन आहे. शक्तिवर्धक गोळ्या किंवा इंजेक्शन घेऊन परत येतात आणि मूळ दुखणे तसेच राहते.

गोव्यात 1996 मध्ये स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने मदत नेमकी या दारात आणून ठेवली. तिच्या ‘मानस’ प्रयोगाचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. सरकारी आरोग्य केंद्रांत समुपदेशकांमुळे रुग्ण बरे होण्याचे प्रमाण स्पष्टपणे वाढले; खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. त्यानंतर तीव्र नैराश्यासाठी ‘हेल्दी अ‍ॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ तयार झाला. 10 आरोग्य केंद्रांतल्या 495 रुग्णांवर त्याची चाचणी झाली. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के, तर न मिळालेल्यांपैकी 39 टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली होती.

या कार्यक्रमात आधी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली भरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला का, भूक कशी होती, स्वतःबद्दल वाईट वाटले का, असे विचारून प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण देतात. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दलचा असतो. तो अडखळत विचारून चालत नाही. असे विचारल्याने आत्महत्येची कल्पना डोक्यात शिरते, ही समजूत चुकीची आहे. बहुतेकांना कुणीतरी विचारले याने हलकेच वाटते.

पुढे सहा ते आठ भेटी होतात. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो आणि जितके सोडतो तितका अधिक खचतो. हे चक्र उलटे फिरवायचे असते. मन लागेल तेव्हा बाजारात जाईन, असे न ठरवता बुधवारी सकाळी दहाला शेजारणीबरोबर बाजारात जायचे, असे ठरवतात आणि पुढच्या भेटीत काय झाले ते विचारतात. जमले नाही तर काम आणखी लहान करतात. घरातल्या एखाद्या विश्वासाच्या माणसाला सोबत घेतात. ‘मन घट्ट कर’ असा उपदेश इथे कटाक्षाने टाळला जातो, आणि माझ्या मते या पद्धतीचे निम्मे बळ त्यातच आहे. समुपदेशक रुग्णाच्या संमतीने भेटी ध्वनिमुद्रित करत, एकत्र बसून एकमेकांचे काम ऐकत आणि त्याला गुण देत.

विदर्भात अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत ‘विश्राम’ या कार्यक्रमाने हीच दिशा घेतली. 18 महिन्यांत नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 वरून 27.2 टक्क्यांवर गेले. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या भागात हे लहान यश नव्हे. तरी जवळपास तीन चतुर्थांश रुग्ण अजून बाहेरच होते.

कर्ज, दारू, घरातली मारहाण यांवर समुपदेशन हा इलाज नाही; तिथे इतर मदतही जोडून द्यावी लागते. आत्महत्येचे विचार, भास-भ्रम किंवा खाणेपिणे सुटणे अशा अवस्थेत मानसोपचारतज्ज्ञच गाठावा लागतो. नैराश्यावरच्या औषधांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून ती मध्येच आपल्या मनाने बंद करू नयेत. जवळ कुणी नसेल, तर ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते.