लष्करानं दाबलेले दिवे? छे, शुक्र!

समुद्रावर रात्री दिसणारे दिवे परग्रहावरचे, आणि लष्करानं त्यांचा तपास दाबला, असं मालवणात कुणीतरी छातीठोक सांगतंच. दाखला लडाखचा. तो तपास खरा, पण दाबलेला नाही. २०१२-१३ मध्ये चीन सीमेवरच्या जवानांनी शेकडो वेळा असे दिवे नोंदवले. संशय ड्रोनचा होता. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पाहिलं, तर निघाले गुरू आणि शुक्र! (जवानांना हसू नका, तिथल्या विरळ हवेत ग्रह भलतेच तेजस्वी दिसतात.)

आपल्याकडे तर पश्चिमेला क्षितिज मोकळं. मावळता शुक्र दाट हवेतून लुकलुकतो, रंग बदलतो. होडी डुलली की तोच हलल्यासारखा वाटतो. क्षितिजावरचा पांढरा उजेड मात्र बहुधा एलईडी मासेमारीचा, म्हणजे प्रखर दिव्यांनी मासे ओढून पकडणाऱ्या होड्यांचा. त्याची तक्रार मत्स्यव्यवसाय खात्याकडे करा.