पेट्रोलही खवट होतं

"पेट्रोल काय दूध आहे का नासायला?" हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की शेवटी म्हटलं आता लिहूनच टाकू.

गावी काकांची एक जुनी 100 सीसी बाइक आहे. शिमग्याला गेलो की ती फिरवायची, निघताना पडवीत ताडपत्री टाकून उभी करायची आणि मग थेट गणपतीतच तिला हात लावायचा, असं आमचं बरीच वर्षं चाललं होतं. मागे एका गणपतीत किका मारून मारून पाय दुखले पण गाडी काही सुरू होईना. शेजारच्या आजी म्हणाल्या नजर लागलीय, लिंबू-मिरची बांधा. मेकॅनिक आला, त्याने कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग, उतरवला, त्याच्या खालचा बाऊल, म्हणजे पेट्रोल साठतं ती वाटी, खोलला आणि माझ्यापुढे धरून म्हणाला, "दादा, वास घ्या." पेट्रोलचा वासच नव्हता तो, जुन्या वार्निशचा होता. बाऊलच्या तळाला काकवी वाळल्यासारखा तपकिरी चिकट थर. मग त्याने पितळेचा स्लो जेट, म्हणजे पेट्रोल जायची बारीक भोकाची नळी, काढून उजेडाकडे धरला, आरपार काहीच दिसेना. वायरमधली एक बारीक तार त्यातून फिरवली, फुंकर मारली, पुन्हा धरला तेव्हा टाचणीच्या टोकाहून लहान उजेडाचा ठिपका दिसला. त्या ठिपक्याएवढी वाट बंद झाली म्हणून अख्खी गाडी बंद. लिंबाचा इथे काही संबंध नाही.

आता कुठेही हा विषय काढला की लोक लगेच इथेनॉलवर घसरतात. ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आल्यापासून तर बिघाड कुठलाही असो, दोष इथेनॉललाच. पण आपल्याकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली 2003 मध्ये, तीही 5 टक्क्यांनी, आणि उभ्या गाड्यांचे जेट त्याच्या कितीतरी आधीपासून चोक होतायत. इथेनॉल पाणी ओढतं हे खरं, पावसाळ्याच्या दमट हवेत जास्तच पाणी शिरलं तर पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर करतात आणि इंजिनला आधी तोच जातो, हेही खरं. पण जेटमधला तो चिकटा त्याचा नाही, त्याची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती फार आवडते, कारण ती आपल्या फराळाच्या डब्यातही घडते.

दिवाळीच्या चकल्या देवदिवाळीपर्यंत मस्त असतात, संक्रांतीला डबा उघडला की खवट वास. तेल नासत नाही, त्यात जंतूबिंतू पडत नाहीत, ते हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं. पेट्रोलचंही तेच होतं. पेट्रोल म्हणजे एकच पदार्थ नाही, शेकडो हायड्रोकार्बनचं मिश्रण. त्यातले काही रेणू ऑलेफिन जातीचे, म्हणजे कार्बन-कार्बनमध्ये दुहेरी बंध असलेले. रिफायनरीत जड तेलाचे मोठे रेणू तोडून पेट्रोल बनवतात तेव्हा हे तयार होतात, आपल्या मानकात ते 21 टक्क्यांपर्यंत चालतात. दुहेरी बंधाच्या शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन जरा सैल असतो. तो कुणी काढून नेला की मागे राहतो फ्री रॅडिकल, म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन घेऊन बसलेला रेणू. त्याला ऑक्सिजन चिकटतो, बनतो पेरॉक्सी रॅडिकल, आणि हा आता शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढतो. म्हणजे स्वतः झाला हायड्रोपेरॉक्साइड आणि शेजारी झाला नवा रॅडिकल, तो पुन्हा ऑक्सिजन घेणार, पुढच्याचा हायड्रोजन ओढणार, अशी साखळी. वर हायड्रोपेरॉक्साइड फुटला की त्यातून दोन नवे रॅडिकल निघतात, म्हणजे एका साखळीच्या दोन, दोनाच्या चार. आणि काही पेरॉक्सी रॅडिकल हायड्रोजन ओढण्याऐवजी सरळ दुसऱ्या रेणूच्या दुहेरी बंधालाच जाऊन जोडले जातात, त्याला तिसरा, त्याला चौथा, असं करत रेणू एवढा मोठा होतो की पेट्रोलमध्ये विरघळून राहू शकत नाही आणि तळाला बसतो. हाच जेटमधला चिकटा, त्याला म्हणतात गम. जवसाच्या तेलाचा रंग भिंतीवर वाळतो तोही याच पद्धतीने.

हे पहिल्या दिवसापासून का दिसत नाही? कारण कंपन्या पेट्रोलमध्ये अँटिऑक्सिडंट घालतात. ते आपला हायड्रोजन आधीच देऊन टाकतात आणि त्यातून बनणारा रॅडिकल शांत असतो, पुढे कुणाला ओढत नाही, साखळी तिथेच तुटते. पण ते संपत जातात. संपेपर्यंत सगळं ठीक, आणि संपले की गम झपाट्याने वाढतो, म्हणून गाडी तीन आठवडे उभी राहिली तर काही वाटत नाही आणि पाच महिन्यांनी एकदम दगा देते. याची चाचणीही आहे, बंद भांड्यात दाबाखाली ऑक्सिजन भरून पेट्रोल 100 अंशाला ठेवतात आणि किमान 360 मिनिटं ते टिकलं पाहिजे.

कार्बोरेटरचा बाऊल म्हणजे गमसाठी अगदी सोयीची जागा. आत पेट्रोल अर्ध्या कटिंगएवढं, वर हवेला उघडी नळी, त्यामुळे हलके घटक आधी उडून जातात आणि उरलेलं बासुंदीसारखं आटत जातं. त्यात जेट पितळेचे, पितळेत तांबं, आणि तांबं हीच साखळी आणखी जोरात पळवतं.

मायलेजसाठी टाकीत डांबरगोळ्या टाकणाऱ्यांना तर हात जोडून सांगतो, नका टाकू. नॅफ्थलीन पेट्रोलमध्ये विरघळतं, पण गाडी उभी राहून बाऊलमधलं पेट्रोल उडालं की तेच जेटमध्ये स्फटिक होऊन बसू शकतं. आणि बाजारातल्या बऱ्याच गोळ्यांमध्ये नॅफ्थलीन नसतंच, क्लोरीनवालं वेगळं रसायन असतं, ते जळून आम्ल तयार होतं.

मग करायचं काय? महिन्याहून जास्त गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोल कॉक बंद करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा आणि बाऊलच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून उरलंसुरलं काढा. टाकी ताज्या पेट्रोलने जवळजवळ भरून ठेवा, हवा कमी तर ऑक्सिजन कमी, दमट हवाही कमी, पत्र्याला आतून गंजही कमी. कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या नव्या गाडीत बाऊल नाही, पण ती कोरडी पडेपर्यंत चालवू नका, टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो.

रिपेअरसाठी टाकी रिकामी करायची तर अंगणात करा, घरात अजिबात नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, ती जमिनीलगत सरकत जाते आणि आपल्याकडे देवघरातली समई जमिनीवरच तेवत असते. उणे 40 अंशाच्या आसपासही पेट्रोल पेटण्याइतकी वाफ देतं. एक लिटर पूर्ण उडालं तर दहा-बारा हजार लिटर हवा पेटण्याजोगी होऊ शकते. रिकामी टाकी म्हणजे निर्धोक असं समजून तिला वेल्डिंग करायला जाऊ नका, आत वाफ असतेच आणि भरलेल्या टाकीपेक्षा तीच जास्त घातक. काढलेलं पेट्रोल कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर चुकूनही नको, पोरं पाणी समजून तोंडाला लावतात, झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या. रंग फिकट आणि वास नेहमीचा असेल तर ताज्या पेट्रोलमध्ये थोडं थोडं मिसळून संपवता येतं. काळपट आणि वार्निशच्या वासाचं झालं असेल तर गाडीत घालू नका, गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका, गॅरेजवाल्याकडे द्या, ते पार्ट धुवायला वापरतात.

काकांच्या गाडीचा ड्रेन स्क्रू आता शिमग्याहून निघताना मी स्वतः खोलतो, खाली वाटी धरून. जेमतेम दोन-तीन चमचे पेट्रोल निघतं.