सभेचा अध्यक्ष आणि चर्चेचा सुलभक: दोन कामं वेगळी का ठेवायची

वाडीची बैठक असो, मच्छीमार सोसायटीची सभा असो की बचत गटांच्या ग्रामसंघाची, शेवटाकडे एक प्रश्न हमखास येतो: "आणखी कोणाला काही बोलायचंय का?" दोन क्षण जातात, कोणी बोलत नाही. "मग सर्वानुमते मंजूर." चहा होतो, मंडळी पांगतात आणि खरी चर्चा त्यानंतर सुरू होते, बंदरावर, विहिरीवर, एसटीच्या थांब्यावर. ठराव वहीत चढलेला असतो, पण तो वाडीच्या गळी उतरलेला नसतो. पुढे काम अडलं की जो तो म्हणतो, आम्हाला तेव्हाच पटलं नव्हतं.

याचं खापर आपण अध्यक्षावर फोडतो आणि ते मला बरोबर वाटत नाही. त्याने त्याचं काम बहुतेक वेळा नीट केलेलं असतं. राहून गेलेलं असतं ते दुसरंच काम, आणि ते वेगळं काम आहे हेच कोणाच्या ध्यानात नसतं. ते करणाऱ्याला संस्थांमध्ये फॅसिलिटेटर म्हणतात, प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत सुलभक. अध्यक्षानेच दोन्ही सांभाळावं असं आपण गृहीत धरतो आणि तिथेच गाडं अडतं.

आधी अध्यक्षाचं काम. सभेला विषयापासून निर्णयापर्यंत नेणं आणि तो निर्णय कायद्याने टिकेल असा करणं, ही त्याची जबाबदारी. ग्रामसभेचंच बघा. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. ते आले नाहीत तर सभा तहकूब होते आणि पुन्हा भरणाऱ्या सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. नोंदणीकृत संस्थेत विषयपत्रिका आधी पाठवायची, मागचं इतिवृत्त कायम करायचं, ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतो. हे कागदी सोपस्कार वाटतात, पण कमकुवत बाजूच्या माणसाला आधार त्यांचाच असतो. उद्या कोणी परस्पर पैसे वळवले तर गटातली बाई बोट ठेवणार ती इतिवृत्ताच्या वहीवरच.

सभेच्या नियमांचा जगभर वापरला जाणारा एक साचा हेन्री रॉबर्ट या अमेरिकन लष्करी अभियंत्याने घालून दिला. १८६३ मध्ये न्यू बेडफर्डच्या एका चर्चमधली सभा चालवायची वेळ त्याच्यावर आली आणि ती हाताबाहेर गेली. मग त्याने या विषयाचा पिच्छा पुरवला आणि १८७६ मध्ये आपले नियम छापले. एका वेळी एक विषय, एका वेळी एक वक्ता, बोलायचा हक्क सर्वांना सारखा. नियम उत्तम आहेत. पण ते लागू होतात हात वर करणाऱ्याला. ज्याचा हातच वर जात नाही त्याच्यासाठी त्यांत काही नाही, आणि सुलभकाचं काम नेमकं तिथून सुरू होतं.

सुलभकाला मत नसतं, निर्णायक मत तर नसतंच. विषयाचा निकाल काय लागतो याच्याशी त्याला देणंघेणं नसावं. कोण बोललं नाही, कोणाचं बोलणं मध्येच तुटलं, कोणाचा मुद्दा दुसऱ्याच्या नावावर गेला, यावर त्याची नजर हवी. अध्यक्ष विषयपत्रिकेकडे बघतो, सुलभक माणसांकडे.

एकाच विषयावर दोघं कसे वागतील ते पाहू. समजा, सुकी मासळी वाळवायला सिमेंटचे ओटे बांधायचे आहेत. निधी आलाय, जागा ठरायची आहे. एक जागा बंदराकडची, एक रस्त्यालगतची. अध्यक्ष दोन्ही प्रस्ताव मांडेल, बाजूने-विरुद्ध बोलायला लावेल, हात मोजेल. अर्ध्या तासात विषय संपला. बोलतील ते सोसायटीचे पदाधिकारी, ज्याची जमीन लगत आहे तो आणि एखादा मुंबईकर, जो गणपतीला आलाय आणि ज्याच्या मंडळाने वर्गणी दिली आहे.

सुलभक मात्र जागेच्या प्रश्नाला लगेच हात घालणार नाही. मासळी वाळवतं कोण, हे ती आधी विचारेल. (इथे ती बाई आहे असं धरू. किनाऱ्यावर हे काम बायका फार चांगलं करतात.) वाळवणाऱ्या बायकांना पुढे बसवेल. शाळेच्या पडवीत खडूने किनारा काढेल: ही खाडी, ही जेटी, हा रस्ता. मग विचारेल, आज तुम्ही जवळा कुठे पसरता, राखण कोण करतं, अचानक पाऊस आला तर पळवून कुठे नेता? एवढ्यात खांबाशी बसलेली एक काकी शेजारणीच्या कानाशी पुटपुटते, "थंय उधाणाचा पाणी येता." साधारण सभेत यावर कोणीतरी म्हणतं, "काकी, मोठ्याने बोला, सगळ्यांना ऐकू दे." आणि काकी पदर सावरून गप्प होतात. सुलभक त्यांच्याजवळ जाऊन बसते, खडू त्यांच्या हातात देते. "काकी, खंयपर्यंत येता? हंय खूण करा बघू." काकी रेघ मारतात. दुसरी म्हणते, एवढं वर नाही, वडाच्या मुळापर्यंतच. तिसरी सांगते की रस्त्याकडे पाणी येत नाही, पण कुत्री आणि धूळ. दहा मिनिटांत प्रश्नच बदलतो. ओटा कुठे, याच्याइतकाच तो किती उंच आणि राखणीचं काय, हा मुद्दा होतो. हे सगळं बायकांना पहिल्यापासून ठाऊक होतं, कोणी त्यांना त्या रीतीने विचारलं नव्हतं.

खडू हातात देण्याची ही रीत पीआरएच्या, म्हणजे गावकऱ्यांनीच आपल्या गावाची पाहणी करायच्या पद्धतीच्या, प्रशिक्षणात शिकवतात. ती पद्धत जगभर नेणारे रॉबर्ट चेंबर्स याला काठी दुसऱ्याच्या हाती सोपवणं म्हणत. खडू ज्याच्या हातात, चूक दुरुस्त करायचा हक्क त्याचा. जमिनीवरच्या नकाशात बोट ठेवायला भाषण करावं लागत नाही, लिहितावाचता यावं लागत नाही.

आता शांततेबद्दल, कारण माझ्या मते सगळ्यात मोठा घोटाळा तिथे होतो. अध्यक्षाच्या लेखी शांतता म्हणजे संमती, आणि ठरावापुरतं तसं धरावंही लागतं. सुलभकाने तसं धरून चालत नाही. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात शाळेचे वर्ग तपासले तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबायला लावलं तेव्हा उत्तरं लांबली आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. वाडीच्या बैठकीत मी म्हणेन, मनात सावकाश दहापर्यंत मोजा. ती दहा मोजणं फार अवघड जातं, विशेषतः अध्यक्षाला, कारण त्याच्यापुढे अजून चार विषय पडलेले असतात.

आणि एवढ्यानेही भागत नाही. सॉलोमन अॅशने १९५०च्या दशकात केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत: समोरच्या रेघांपैकी कोणती रेघ मूळ रेघेएवढी, इतका उघड प्रश्न. बाकीचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर देत, तेव्हा एकट्या पडलेल्या माणसाची सुमारे एक तृतीयांश उत्तरं त्यांच्यामागे वाहवत गेली. त्या गटात बरोबर बोलणारा एकच साथीदार दिला की हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास खाली आलं. म्हणून सगळ्यांसमोर मत विचारण्याआधी "शेजारणीशी दोन मिनिटं बोलून घ्या" हे सांगणं इतकं कामाला येतं. जोडीत बाईला कळतं की आपल्यासारखंच हिलाही वाटतंय. मग ती "माझं म्हणणं" असं न म्हणता "आमचं दोघींचं म्हणणं" असं म्हणते. फक्त जोड्या लावताना सासू-सून एकत्र येणार नाहीत एवढं बघा. एका गटात दोघी असतात हे आपल्याकडे नेहमीचं आहे.

क्रमाने एकेकाने बोलायची फेरी ही आणखी एक युक्ती. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभांची परंपरा मोठेपणी स्वीकारलेल्या केस बुके या डच शिक्षकाने १९२६ मध्ये बिल्थोवन इथे शाळा काढली आणि तिचा कारभार मुलं-शिक्षक मिळून सर्वांच्या संमतीने चालवायचा प्रयोग केला. फेरीने चर्चा करायची आजची एक पद्धत त्याच धाग्यातून पुढे आली. आपल्याकडे ती वापरताना दोन गोष्टी पाळाव्यात. "मी नंतर बोलते" म्हणायची मोकळीक हवी, आणि सर्वांत मानाच्या माणसाची पाळी सर्वांत शेवटी. गावकर आधी बोलले की उरलेली फेरी त्यांना दुजोरा देण्यातच जाते. साठ माणसांत फेरी जमत नाही, तिथे पाच-सहा जणांचे गट करावेत.

बैठकीची जागा आणि वेळ यांतही दोघांची नजर वेगळी. अध्यक्ष विचारतो, सगळ्यांना कळवलं का? सुलभकाने विचारायचं, सगळ्यांना येता येईल का? देवळाच्या सभामंडपात बैठक लावली की बसण्याच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या असतात. मानकरी कुठे, बायका कुठे, कोणत्या वाडीने कडेला बसायचं. मासिक पाळी आलेली बाई तिथे बहुधा येतच नाही. तीच बैठक अंगणवाडीत किंवा एखाद्या खळ्यात घ्या, लोक वेगळे बसतील आणि वेगळं बोलतील. वेळेचंही तसंच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, म्हणून सोसायट्या जुलैत सभा ठेवतात. पुरुष मोकळे असतात खरे, पण त्याच दिवसांत ज्यांची शेती आहे त्या बायका लावणीच्या चिखलात असतात. खाडीत कालवं आणि तिसऱ्या काढणाऱ्यांना विचारायचं असेल तर ओहोटीचं वेळापत्रक बघूनच तारीख धरावी लागते. शिवाय बागेत राखणीला असलेले नेपाळी आणि बोटीवरचे परराज्यांतले खलाशी: ते सभासद नाहीत, त्यांना मत नाही, पण पाण्याचा किंवा शौचालयाचा विषय असेल तर त्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय चर्चा पुरी झाली असं मी मानत नाही.

कायद्यानेही हा फरक थोडा ओळखला आहे. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. आधी मोकळेपणी बोलणं, मग ठराव, असा तो क्रम आहे. जिथे ती फक्त सह्यांची वही फिरवून उरकली जाते तिथे मला मनापासून वाईट वाटतं, कारण ही जागा सहज मिळालेली नाही. तमिळनाडूतल्या ग्रामसभांची संभाषणं शब्दशः टिपून केलेल्या अभ्यासात दिसलं की बायका कमी बोलतात, विषय ठरवण्यात त्यांचा वाटा कमी असतो आणि बोलल्या तरी त्यांना मुद्द्याचं उत्तर मिळण्याची शक्यता कमी असते. यातली तिसरी गोष्ट फार बोचते. चर्चा कितीही चांगली घडवली तरी तिथे निघालेला मुद्दा अध्यक्षाने सभेत घेऊन त्याला उत्तर दिलं पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी कोणी कशाला बोलेल?

उलटी गफलतही होते. चर्चा घडवायला आलेला माणूस हळूच निर्णय करून टाकतो. तक्त्यावर लिहिताना बोलणाऱ्याचे शब्द बदलतो, आपल्याला पटलेला मुद्दा ठळक करतो, नको असलेला "नंतर बघू" म्हणून बाजूला ठेवतो. संस्थेचा कार्यकर्ता स्वतः निधी घेऊन आलेला असतो तेव्हा हे कळत-नकळत होतंच. तो त्या विषयात तटस्थ असूच शकत नाही, आणि हे त्याने सुरुवातीलाच बोलून दाखवलेलं बरं. लिहिलेलं प्रत्येक वाक्य ज्याचं त्याला वाचून दाखवावं, मालवणीत बोलले असतील तर मालवणीतच. आणि चर्चाच चर्चा करून ठराव कधीच न करणं हेही लोकांच्या वेळेचं नुकसान आहे. अध्यक्षाने तिथे ठाम राहावं: इतक्या वाजता चर्चा थांबेल, मग सभा.

लहान संस्थेत माणसं कमी, एकालाच दोन्ही करावं लागतं. मग निदान वेळ वेगळी करा: आधी चर्चा, मधे चहा, नंतर सभा, आणि "आता मी अध्यक्ष म्हणून बोलतोय" हे उघड सांगा. विषय वादाचा असेल, पारंपरिक मासेमारी विरुद्ध मोठ्या घेरजाळ्याची पर्ससीन मासेमारी यासारखा, तर तेही पुरत नाही. तेव्हा शेजारच्या वाडीतल्या गटाची एखादी ताई किंवा पलीकडच्या गावचे निवृत्त गुरुजी चर्चा चालवायला बोलवा. त्यांना निकालाशी देणंघेणं नसतं आणि माणसं ओळखीची असतात. त्यांच्या वाडीत असा विषय निघेल तेव्हा तुमच्यातल्या कोणीतरी जावं. यासाठी खर्च येतो तो जाण्यायेण्याच्या रिक्षाचा, आणि तो मंडळाच्या खर्चात धरायला कोणाची हरकत नसावी.